खंडेनवमीनंतरचा रीस्टार्ट

आठही स्क्रीन काळ्या होत्या. सीपीयूचे पंखे फिरत होते, कीबोर्डवरचे दिवे लागत होते, पण समोर काही दिसत नव्हतं. दसऱ्याची सकाळ, साडेनऊ वाजलेले. गोदामाच्या फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागली होती आणि लेबल छापल्याशिवाय एकही खोका हलणार नव्हता.

मी भिवंडीत बावीस वर्षं कंप्युटर मेन्टेनन्सची कामं करतो. आधी लूमवाल्यांची ऑफिसं होती, आता मानकोली, कशेळीकडची गोदामं आहेत. सणाच्या दिवशी फोन येणं मला नवीन नाही. निघताना बायको म्हणाली, सोनं द्यायला माणसं येतील, त्याआधी परत या. मी हो म्हणालो. ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

हे गोदाम पूर्णा गावातलं, एकनाथशेठ भोईरांचं, वडिलांच्या भातशेतीच्या जागेवर उभं राहिलेलं. ऑनलाइन मागवलेला माल इथे उतरतो, त्यावर लेबल चिकटतं आणि तो पुढे जातो. लेबलांचं काम वरच्या माळ्यावर आठ कंप्युटरवर चालतं. ते सांभाळतात सुनंदाताई. पडघ्याच्याही पलीकडच्या गावातून रोज दोन वाहनं बदलून येतात. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून दोन मुलींचं घर या एका नोकरीवर चाललंय. मी वर गेलो तेव्हा त्या आपल्या खुर्चीत नव्हत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकीच्या मशीनवर काम करणाऱ्या मुली त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या.

शेठ मला जिन्यात घेऊन गेले.

"सर, खरा सांगा. मशीन बिघडलीत का दुसरा काय हाय?"

"दुसरं काय असणार?"

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. खंडेनवमीला या गोदामात सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. फोर्कलिफ्ट, वजनकाटा, कंप्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दसऱ्याला सकाळी पुन्हा चालू. पूजा दर वर्षी शेठची आई करते. या वर्षी तिचे गुडघे सुजलेले, लोखंडी जिना चढवेना. म्हणून वरच्या मशीनना कुंकू लावायला शेठनीच सुनंदाताईंना सांगितलं. त्या आधी नको म्हणाल्या होत्या. माझ्या हातून नको शेठ, लोक बोलतील, असं स्पष्ट म्हणाल्या होत्या. शेठ म्हणाले, आता कोण मानतं ते सगळं. आणि आज सकाळी आठच्या आठ स्क्रीन काळ्या.

"आई खाली बसलीय," शेठ म्हणाले. "बोलते, विधवेच्या हातची पूजा, मंग दुसरा काय होणार. तिला आजच घरी पाठव, उद्यापासून नको. सनाच्या दिवशी आईशी भांडू का मी?"

मला राग आला. शेठचा आला, त्यांच्या आईचा आला, त्या मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलींचाही आला. पण रागावून स्क्रीन लागत नाही, म्हणून मी पहिल्या मशीनसमोर बसलो.

मशीन सुरू करताना दोन सेकंद मदरबोर्डचा लोगो दिसला, मग काळोख. म्हणजे मॉनिटर चांगला, केबल चांगली, कार्डही चांगलं. बिघाड त्यानंतरच्या पायरीत होता. आणि ती पायरी माझी होती.

थोडं समजावून सांगतो. या कंप्युटरवर लिनक्स आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. चार महिन्यांपूर्वी शेठना ती मीच गळ्यात मारली होती. लायसन्सची कटकट नाही, व्हायरसची भीती नाही, असं भाषण केलं होतं. मशीनं सेकंडहँड, ठाण्यातल्या एका बंद पडलेल्या ॲनिमेशन क्लासची. प्रत्येकात भारीतलं ग्राफिक्स कार्ड. लेबल छापायला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण ते काढताही येत नाही, कारण त्या मशीनचा प्रोसेसर स्वतः स्क्रीनवर चित्र पाठवू शकत नाही.

कार्ड आणि सिस्टीम यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीचा, आणि त्याच्या आत काय आहे हे कंपनी कुणाला दाखवत नाही. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की ड्रायव्हर त्याच्याशी नव्याने जुळवावा लागतो. बहुतेक वेळा ते आपोआप होतं. होत नाही तेव्हा स्क्रीन काळी. इंटरनेटवर याबद्दल रडणारी माणसं हजारोंनी सापडतात. एक जण कळवळून विचारतो, दुसरा उत्तर देतो की माझ्याकडे तर चालतंय, आणि चर्चा तिथेच संपते. मी त्या चर्चांमध्ये आयुष्यातले बरेच रविवार घालवले आहेत.

नवा कर्नल डिस्कवर येऊन बसला तरी मशीन रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच चालतो. हे गोदाम दोन शिफ्टमध्ये चालतं. रात्रीही मशीन बंद करत नाहीत. वर्षात एकच दिवस सगळी एकदम बंद होतात, तो खंडेनवमीचा. आपोआप अपडेट होण्याचं सेटिंग मी ठेवलं होतं, फेऱ्या वाचाव्यात म्हणून. ड्रायव्हरच्या जुळवणीला लागणारं एक पॅकेज टाकायला मी विसरलो होतो. आणि एक मशीन तयार करून त्याचीच कॉपी बाकी सात मशीनवर मारली होती, म्हणजे विसरही आठ ठिकाणी पोचला. आज सकाळी नवा कर्नल पहिल्यांदा सुरू झाला आणि ड्रायव्हर त्याच्याशी जुळलाच नाही.

सुरू होताना कीबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं की जुन्या कर्नलची यादी येते. मी जुना निवडला. स्क्रीन लागली. वर्षभरात ज्यांचं तोंड बघितलं नव्हतं असे देव आठवले.

मुली खुर्च्या ओढून बसू लागल्या. सुनंदाताई भिंतीपासून हलल्या नाहीत. मी एक मशीन मॉनिटरसकट उचललं आणि शेठना म्हणालो, जरा हात लावा, खाली न्यायचंय.

शेठची आई फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. नऊवारी, पाय स्टुलावर. वजनकाट्याच्या टेबलावर मी मशीन मांडलं. सीपीयूवरचं कुंकू आणि फूल तसंच ठेवलं होतं. नवा कर्नल निवडला, स्क्रीन काळी. जुना निवडला, स्क्रीन चालू. असं तीनदा करून दाखवलं.

"आई, कुंकू तेच आहे, फूलही तेच आहे," मी म्हणालो. "बिघाड आत होता आणि तो माझ्या हातून झाला."

"तुज्या? तू तर पूजेला न्हवतास."

"पूजेनं नाही झालं. मी चार महिन्यांपूर्वी काम अर्धवट ठेवलं, त्यानं झालं."

तिने पुढे वाकून सीपीयूवरचं कुंकू निरखलं. मग शेठना म्हणाली, "बरा. ऱ्हाऊ दे तिला."

मला उद्देशून शेठ एवढंच म्हणाले की टेम्पोवाले ओरडतायत, लवकर उरका. दुपारी एकपर्यंत आठही मशीन चालू झाली.

जाताना मी सुनंदाताईंची माफी मागितली. त्याला आणखी एक कारण होतं. श्रावणात त्यांचा मला फोन आला होता, कोपऱ्यात रोज रीस्टार्ट करा असं येतंय म्हणून. मी गडबडीत होतो. 'नंतर' वर क्लिक करा, म्हणालो होतो.

"मी रोज नंतर केलं, सर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला राग चालला असता.

त्यानंतर मी कामाची शिस्त लावली. राहिलेलं पॅकेज टाकलं. कर्नलचे अपडेट आपोआप होणं बंद केलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः जाऊन आठही मशीन रीस्टार्ट करू लागलो. पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मुद्दाम गेलो, प्रत्येक मशीन दोनदा बंद करून चालू केलं. शेठना काही सांगितलं नाही. यंदा सुनंदाताईंनी कुंकू लावलं आणि सगळं सुरळीत सुरू झालं की तो विषय कायमचा मिटेल, एवढाच माझा हिशोब होता.

दसऱ्याला फोन वाजला नाही. श्रीखंड गरम पुऱ्यांबरोबर खाल्लं. दुपारी राहवलं नाही म्हणून मीच सुनंदाताईंना फोन लावला.

"सगळी चालू झाली सर, एका झटक्यात."

"बघा. पूजा तुम्हीच केलीत ना?"

"न्हाय. मला नवमीला सुट्टी दिली व्हती. शेठची बहीण आलती, तिनं केली." मागे प्रिंटरचा आवाज येत होता. "आई सकाळपासून सगळ्यांना सांगते, यंदा बगा, एक तरी बंद पडलं का."

मशीन पूजेमुळे नाही, माझ्या दोन दिवस आधीच्या फेरीमुळे चालली, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते ऐकून त्यांना काय मिळणार होतं?

"सर," त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षाला एखादं बंद पडू द्या की."

मग लेबलं खोळंबलीत म्हणून त्यांनी फोन ठेवला. या धंद्यात बिघाड झाला की माणसं कारण विचारतात. मशीन नीट चाललं की कुणीच विचारत नाही, मग ज्याला जे हवं ते तो कारण म्हणून सांगतो. मी अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्णाला जातो आणि आठही मशीन रीस्टार्ट करतो.