भर वेशीत माझं तोंड हुंगलं

पाटलानं भर वेशीत माझं तोंड हुंगायला लावलं. पोळ्याचा दिवस. कंधार तालुक्यातलं आमचं गाव सारं तोरणाखाली जमलेलं. मी पाटलाचा सालगडी. मानाच्या बैलांचा कासरा दरसाली माझ्याच हातात. त्या दिवशी डावा पाय उचललाच न्हाई. झोकांडलो. बैल बिथरला, मान व्हायच्या आधीच तोरण तुटलं.

"सणासुदीला ढोसून आलास का रे?"

"न्हाई मालक. पाय वढून राहिला."

"पाय का बाटली? हुंग रे याचं तोंड!"

पाटलाच्या पुतण्यानं माझा जबडा धरला, नाक लावलं. "वास तर न्हाई, काका."

"मग गांजा असंल."

गाव खदखदून हसलं. माझे सोयरे बी हसले. उभ्या जन्मात मी दारूला शिवलो न्हाई. कासरा दुसऱ्याच्या हातात गेला.

थोरल्या पोरानं नांदेडला नेलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईनं त्यातले डाग दाखवले. म्हणली, मेंदूचा हुकूम ज्या पांढऱ्या धाग्यांतून पायापर्यंत जातो, त्यांच्यावरचं वेष्टण झिजलंय. वायरीवरचं रबर जावं तसं. मल्टिपल स्क्लेरोसिस.

"बरं व्हईल?"

"गेलेलं परत येत नाही, बाबा. पुढचं थोडं लांबवता येईल."

लई चीड आली. इतकी वर्षं पाय जड होत गेला, अन् मी चपलेला शिव्या देत बसलो.

गावात पाटलाचा निरोप आला, "आजारी हाय म्हणं. फोटो दाखव, कासरा तुझाच."

कासरा पाहिजे होता मला. खोटं कशाला बोलू? थोरला फोटोची पिशवी घेऊन दारात उभा. मी चपलेत पाय घालाया गेलो, तर पाय काही जाईना. तवा डोक्यात आलं. समजा, पेलो असतो तर? पाटलाचा पोरगा रोज झुलत जीपमधून उतरतो. त्याचं तोंड कोण हुंगतं? तोंड माझं, मेंदू माझा. अन् खरं-खोटं यांच्या ओसरीवर ठरणार?

"ठिव ती पिशवी."

"अवो दादा, इज्जतीचा सवाल हाय!"

"म्हणूनच ठिव."

त्याच दिवशी पाटलाचं काम सोडलं.

डॉक्टरीणबाई म्हणली होती, पुढं काठी लागंल, मग चाकाची खुर्ची. लागू द्या. तवर रस्त्याच्या मधून झोकांड्या खात जाईन. बेवडा म्हणायचं त्यानं म्हणावं. फोटो कुणालाच दाखवणार न्हाई. पण परत कुणी जबड्याला हात घातला, तर तो हात मोडीन. पाय गेला असंल. उजवा हात अजून माझं ऐकतो.