कच्चा मांडा

मंजुळाबाई कणकेचा गोळा उचलते तेव्हा तो मुठीएवढा असतो. मग तो मनगटावर उतरतो, कोपरापर्यंत येतो, आणि इतका पातळ होतो की त्यातून अंगणातलं ऊन दिसावं. पासष्ट वर्षांची ही बाई तेवढा वेळ श्वास घेत नाही. तिच्या पाठीमागे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर असतं. त्यावर ओलं फडकं फिरतं, चर्र असा आवाज होतो, आणि त्या आवाजावर मंजुळाबाई वळून मांडा टाकते. खापर तापलंय का हे ती बघत नाही. पस्तीस वर्षांत तिला ते बघावंच लागलं नव्हतं, कारण फडकं सुपडाबाईच्या हातात असायचं.

शिरपुरात लग्न असो की जावयाचं जेवण, दोघींना एकत्रच बोलावणं यायचं. एकीनं मांडा ओढायचा, दुसरीनं तुराट्या सारून जाळ राखायचा आणि मांडा उतरवायचा. जेवणारे नाव घ्यायचे मंजुळाबाईचं. सुपडाबाई डोळे पुसत हसायची, "नाव तुनं, धूर मना."

दोन वर्षांपूर्वी नातीनं, हेमांगीनं, अंगणात फोन उभा केला आणि 'मोठी मायचे मांडे' नावाचं खातं उघडलं. खानदेशात आजीला मोठी माय म्हणतात. बघता बघता तीन लाख माणसं त्या अंगणात येऊन बसली. हेमांगी वाईट मुलगी नाही. धुरानं चित्र अंधुक व्हायचं, म्हणून ती म्हणायची, "सुपडाअक्का, जरा सरका ना." अक्का सरकायची. व्हिडिओवर गाणं चढायचं आणि फडक्याचा चर्र त्याखाली बुडून जायचा.

एके दिवशी सुपडाबाईनं स्वतःहून फोन मागितला. एकामागून एक अकरा व्हिडिओ तिनं पाहिले. बाराव्यात कडेला काहीतरी हललं.

"हाई मनं कोपर शे ना?" तिनं विचारलं.

हेमांगी खजील झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं एकट्या सुपडाअक्काचा व्हिडिओ केला, मनापासून केला. खाली लोकांनी लिहिलं : या कोण? मोठी मायला दाखवा. आधी तो धूर काढा. सुपडाबाईच्या सुनेनं ते तिला वाचून दाखवलं. पुढच्या लग्नाला ती आली नाही. मंजुळाबाई दोन गल्ल्या ओलांडून तिच्या घरी गेली, तर सुपडाबाई म्हणाली, "गुडघा दुखस."

मंजुळाबाईनं तो गुडघा पस्तीस वर्षं पाहिला होता. दुखणं गुडघ्यात नव्हतं. पण तसं बोलून दाखवायची दोघींचीही रीत नव्हती.

तिनं आपल्या सुनेला खापराजवळ बसवलं. फडकं वेळेवर फिरेना, जाळ कधी झोपे, कधी अंगावर येई. एक मांडा कडेनं करपला आणि मधे कच्चा राहिला. मंजुळाबाईनं तो गायीपुढे टाकला. पण हेमांगीनं तोवर त्याचा व्हिडिओ चढवला होता, आणि आजवर कशालाच मिळालं नव्हतं इतकं कौतुक त्याला मिळालं. कुवेतमध्ये कामाला असलेल्या कुणी लिहिलं होतं : माझ्या आईचे हात असेच होते. मंजुळाबाईनं ते हेमांगीकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं,

"त्यास्ले दखास नही का, कच्चा शे?"

"कसं दिसणार, मोठी माय? फोनला चव कुठे असते?"

आयुष्यभर लोकांनी तिला तोंड भरल्यावर नावाजलं होतं. आता रिकाम्या तोंडांची तीन लाख माणसं तिच्या खोट्या मांड्याला खरा म्हणत होती, आणि ज्या बाईला तो कच्चा आहे हे लांबून वासावरून कळलं असतं, ती दोन गल्ल्या पलीकडे भिंतीकडे बघत बसली होती.

"पुसी टाक," सकाळी ती म्हणाली.

"काय?"

"ते खातं. पुसी टाक."

हेमांगी रडली. "पुसायला कशाला हवं? नुसतं झोपवून ठेवते. वाटेल तेव्हा उठवू."

"झोपाडू नको. पुसी टाक."

फोननं तीनतीनदा विचारलं, नक्की का? शेवटी सांगितलं, तीस दिवस थांबतो, मधे एकदा जरी उघडलंत तरी सगळं जसंच्या तसं परत मिळेल. दुसऱ्या दिवशी धोंड्याचा महिना लागत होता.

अधिकाचा महिना, वर आंब्याचे दिवस. घरोघरी जावई येणार, रसासोबत मांडे लागणार. दारात रोज माणसं यायची. ती प्रत्येकाला म्हणायची, "खापर बंद शे."

मुलगा वैतागला. "आई, खातं पुसलं ते पुसलं. जावई काय फोनमधून जेवतात? चार घरचे मांडे तरी घे."

"इस्तोजवळ बसनारी नही शे," ती म्हणाली. मुलगा विस्तव नसलेल्या चुलीकडे बघून बाहेर गेला.

सुपडाबाईला मात्र तिनं एका शब्दानं कळवलं नाही. सांगितलं असतं तर ते उपकार दाखवल्यासारखं झालं असतं.

बाविसाव्या दिवशी हेमांगी फोन घेऊन समोर बसली. "एक बोट लाव, मोठी माय. सगळे परत येतील."

मंजुळाबाईनं फोन हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. "तो कुवेतवाला," ती म्हणाली, "त्याले कसं समजी, का पुसं ते?"

"नाही समजणार."

तिनं फोन नातीच्या मांडीवर ठेवला आणि उगाचच कोरडं खापर पुसत राहिली.

चोविसाव्या दिवशी सुपडाबाई दारात उभी राहिली. गल्लीतल्या बायांकडून तिला कळलं होतं.

"तू पुसं म्हने?"

"अजून नही. सहा दिन बाकी शेतस."

"मंग मी आज बसत नही."

"कोन बस म्हनी ऱ्हायनं तुले?"

"बरं." ती चार पावलं गेली आणि वळली. "खापर तठे भिंतले नको टेकाडू. तडकी जाई."

महिना सरला. जावई आपापल्या गावी गेले. हेमांगीनं खात्याचं नाव टाकून पाहिलं. असं काही सापडत नाही, असं उत्तर आलं. तिनं ते आजीला वाचून दाखवलं. आजीनं मान हलवली आणि कणीक भिजवायला घेतली. त्या दिवशी एकाही घरचं बोलावणं नव्हतं.

दुपारी सुपडाबाई तुराट्यांचा भारा घेऊन आली. उकिडवी बसली. गुडघ्याचं नाव काढलं नाही. हेमांगी जाळ बघायला पुढे वाकली तशी म्हणाली, "सरक वं पोरी, उजेड आडावस तू."

हेमांगी सरकली.

मंजुळाबाईनं गोळा उचलला. तो मनगटावर आला, कोपरापर्यंत उतरला, अंगण त्यातून दिसू लागलं. पाठमोरी, श्वास धरून ती थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ गेला. मग मागे चर्र झालं.

तिनं वळून टाकला.

सुपडाबाईनं मांडा उतरवला, कड सोडून नेमका मधला घास तोडला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"शिजी गया," ती म्हणाली, आणि पुन्हा फडकं भिजवलं.