वाचून दाखवलेल्या चुका
संगणक उघडून आतली तापलेली धूळ झटकली की त्या वासानं मला कोल्हापूरजवळच्या एका सूतगिरणीची कचेरी आठवते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. युनिक्स प्रणालीचं नवं यंत्र आलं होतं आणि कापसाच्या गाठींच्या याद्या लावणारे, बेरजा करणारे मी ज्यांच्या हाताखाली होतो त्या सरांनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम त्यावर कंपाइल करायचे, म्हणजे त्या यंत्राला चालतील अशा रूपात आणायचे होते. जुन्या यंत्रावर ते बिनतक्रार चालत. इथे पडदा चुकांनी भरला. सर त्याकडे तोंड करून नुसते बसून राहिले. "काय म्हणतोय तो?" मागं उभ्या मॅनेजरांनी विचारलं. सर मला हळूच म्हणाले, "वाच की." मी म्हटलं, "सर, समोरच हाय." "व्हय, पण तू वाच." मी वाचू लागलो. एक फाइल सापडत नव्हती. ती इथे दुसऱ्या नावानं असते, हे त्यांनी लगेच सांगितलं. मग कंपाइल झालं, पण मोठ्या बेरजा उणे येऊ लागल्या. नव्या यंत्रात आकड्याला निम्मीच जागा मिळते आणि मोठा आकडा तिच्यात मावत नाही, हेही त्यांनी ओळखलं. "मग करा दुरुस्त," मॅनेजर म्हणाले. सरांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, पण याच्या कळा वेगळ्या जागी होत्या. त्यांनी चष्मा काढला. "मला दिसत न्हाय, साहेब. वरीस झालं. जुन्यावर सगळं पाठ होतं." मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. सर सांगत गेले, मी टाइप करत गेलो आणि संध्याकाळी बेरजा जुळल्या. पुढच्या महिन्यात त्यांना घरी बसवलं आणि त्यांची खुर्ची मला दिली. निवृत्त होईपर्यंत मी तिच्यावर बसलो. तिथून पडदा मला कायम स्वच्छ दिसला.