परक्या गावात पाणी आलं

माझा पहिला परदेश मी सुरुवातीला झोपेतच घालवला.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. यंत्रातून निघालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसला तर परत पाठवायचा आणि त्यावरून चार लोकांशी भांडायचं. हे काम मला भांडणासकट आवडायचं. पुढं कंपनीनं मापं घेणारं एक नवं यंत्र जर्मनीहून आणायचं ठरवलं आणि त्याची ओळख करून घ्यायला आठवडाभरासाठी मला पाठवलं. तोवर मी एकटी पुण्यापलीकडं गेले नव्हते. विमानात डोळ्याला डोळा लागू दिला नाही. खिडकीतून ढग बघायचे, जेवणाच्या ताटातली प्रत्येक डबी उघडून बघायची, शेजारी घोरणाऱ्या गृहस्थांची कीव करायची, असं रात्रभर चाललं होतं. व्हायचं तेच झालं. हॉटेलात पोचले, पांढऱ्याशुभ्र गादीवर जरा टेकावं म्हणून बसले, आणि स्वेटर-मोज्यांसकट गाढ झोपले. बाहेर नुकतंच अंधारलं होतं.

या प्रवासाला घरून होकार मिळाला होता, पण सहजासहजी नाही. सासूबाईंचा एकच प्रश्न होता, "तू गेल्यावर पाणी कोण भरंल?"

प्रश्न वाजवी होता. तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, तेही पहाटे, अख्खी गल्ली घोरत असताना. ते आल्याचं कळावं म्हणून आम्ही नळ उघडा ठेवून त्याच्याखाली पत्र्याचं घमेलं पालथं घालायचो. आधी नळातून नुसती हवा सूंसूं करायची, मग घुळघुळ व्हायचं आणि मग घमेल्यावर ताड ताड सुरू. तेवढ्यात उठून हौदात पाइप सोडला, मोटर लावली, तर पुढच्या पाळीपर्यंत घर तरलं. नाहीतर टँकरवाल्याच्या मागं लागा. त्या आवाजाला उठणारी घरात मी एकटीच होते. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. आमचे हे देवगाव रंगारीचे, विहिरीवर वाढलेले. पाणी काय, कुठं पळून जातंय, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. शाळेत मास्तर असल्यामुळं दिवसभर पोरांना उठवायचे आणि रात्री स्वतः मात्र उशाशी ताशा वाजवला तरी फक्त कूस बदलायचे. लग्नापासून एकदाही ते पाण्याला उठले नव्हते.

"म्या भरतो की पाणी. त्यात काय येवढं?" ते म्हणाले होते. सासूबाई हसल्या नाहीत.

"भर. पण पाणी चुकलं तर पुढच्या खेपंचं नाव काढायचं नाय," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

पुढची खेप म्हणजे उन्हाळ्यातली. यंत्र तयार झालं की तीन महिने तिथंच राहून ते पुरतं शिकायचं होतं. ते तीन महिने मला हवे होते. इतके हवे होते, की मी ते कुणाजवळ मोठ्यानं बोललेही नव्हते.

तर मी अशी गाढ झोपलेली, आणि कानावर आवाज आला. आधी सूंसूं. मग घुळघुळ. मग पत्र्यावर ताड ताड ताड.

"अहो, पाणी आलं! मोटर लावा!" मी ओरडले आणि उठले.

अंधारात दार समजून कपाटाला धडकले. कसाबसा दिवा सापडला. न्हाणीघरात एक भलामोठा टब होता, त्याचं बूच लावून नळ पूर्ण सोडला. बेसिन भरलं. चहाची किटली भरली, दोन्ही पेले भरले. अजून काय, अजून काय, असं पुटपुटत कचऱ्याची कोरी बादली विसळून तीही भरली. हात सरावाचे होते. टब निम्म्याच्या वर गेला तेव्हा मी समाधानानं मान वर केली, तर समोरच्या आरशात विस्कटलेली वेणी आणि ओल्या बाह्या घेऊन एक बाई उभी होती. तिच्यामागं पांढऱ्या फरशा आणि घडी घातलेले टॉवेल. तेव्हा कुठं उजेड पडला.

नळ बंद केला. आवाज तरीही चालूच होता. खिडकीचा पडदा सारला, तर बाहेर धो धो पाऊस पडत होता. छतावरचं पाणी एका नळीतून घुळघुळत खाली येत होतं आणि खाली सायकली ठेवायच्या जागेच्या पत्र्याच्या छपरावर आदळत होतं. ऐन थंडीत पाऊस! रस्ता चकाकत होता. एक ट्राम अंगभर दिवे लावून, आत एकही माणूस नसताना, ऐटीत वळण घेऊन गेली. एवढं पाणी गटारात चाललं होतं आणि सगळं गाव निवांत झोपलं होतं. मी एकटीच पोट धरून हसत होते. हे सांगायला शेजारी कुणीच नव्हतं, त्याचीही गंमत वाटत होती.

हसता हसता घड्याळ बघितलं. इथं अजून मध्यरात्रही झाली नव्हती. घरचं घड्याळ साडेचार तास पुढं. म्हणजे तिकडं पहाट. आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं, कारण आज आमची पाण्याची पाळी होती. मी आवाजाला फसले होते, पण वेळेला नाही. माझा देह अजून त्या घमेल्याशेजारीच झोपलेला होता.

यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. झोपलाय कुंभकर्ण, मी दातओठ खात म्हटलं. डोळ्यांसमोर घमेल्यावरून वाहून चाललेलं पाणी दिसत होतं, आणि त्याच्यासोबत माझे तीन महिने. आणि हजारो मैलांवर मी, हाताशी टबभर पाणी असताना, त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. रडू येईल की काय असं वाटलं.

मग भिंतीपलीकडं राहणाऱ्या खाला आठवल्या. त्यांचं आणि आमचं पाणी एकाच वेळी यायचं, वर्षानुवर्षं आम्ही दोघी पहाटे भिंतीवरून गप्पा मारत हौद भरलेले. त्यांना लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"खाला, पाणी आलं का?"

"अरे, तुम! हौ, आया ना, जोरदार आया," खाला मोठ्यानं म्हणाल्या. मागं मोटरींचा घरघराट होता. "तुमारे मास्तर तो कबसे पाइप पकडके खडे हैं. ठैरो, देती."

फोन भिंतीवरून पलीकडं गेल्याचं कळलं. आधी पाण्याचा आवाज आला, हौदात पडणाऱ्या जाड धारेचा. तो मी कुठंही ओळखीन. मग यांचा आवाज आला.

"अगं, फोन घरात हाय. हात वल्लं हायेत. काय झालं?"

"तुम्ही उठलात?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"उठतो कशाचा? झोपलोच नाय. झोपलो असतो तर उठलो असतो व्हय? घमेल्यापाशी खुर्ची टाकून बसलो रातभर. लई डास हायेत गं इथं."

मी पलंगावर बसले. या माणसावर मी इतकी वर्षं रोज पहाटे चिडत आले होते, आणि आत्ता मला त्याच्याविषयी इतकी माया वाटली, की फोन मी दोन्ही हातांनी धरला.

"तिकडं बी मोटर चालूय का? कसला आवाज येतोय?"

"पाऊस पडतोय."

"मग भरून ठिव की."

"भरलंय," मी म्हटलं. "टब, किटली, बादली, सगळं."

ते इतक्या जोरात हसले, की पाइप हातातून सुटल्याचं मला ऐकू आलं. मागून सासूबाई काहीतरी खणखणीत बोलल्या.

"आई इचारतीया, उन्हाळ्यात तीन म्हैनं कसं करणार," हे म्हणाले.

"मग?"

"म्हटलं, तवा शाळंला सुट्टीच असती. दिवसा झोपंन."