मोडलेल्या मणक्यावर ताईची लाथ

तुमच्या घरी कोणी पायाळू आहे का? म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा? असेल तर त्यानं आजवर कोणाकोणाला लाथ मारली, तेवढं विचारून घ्या.

कंबर आणि मान कित्येक वर्षांपासून दुखते, म्हणून आज थोरल्या ताईला घेऊन मध्य प्रदेशात बालाघाटला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. एक्स-रे बघून ते म्हणाले, लहानपणी तुमचा मणका मोडला होता, तेव्हा काय इलाज केला?

मला काही आठवेना. ताई बोलली.

"सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लांजी गावाले धानाच्या गाडीवरून पडलता हा. उठताच येत नव्हतं. माय म्हणे, उसण भरली, पायाळूच्या लाथेनं जाते. मी पायाळू, तं मीच याच्या कंबरेत लाथा हाणल्या. रोज सकाळी, हा चालेपर्यंत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "टूटी हड्डी पर लात? ये जिंदगी भर के लिए खाट पकड़ लेते."

आता ऑपरेशन नको, व्यायाम करा, असं ते सांगत होते, पण माझं लक्षच नव्हतं.

दार उघडंच होतं. बाहेर कंबरेला पट्टा बांधून बसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही निघालो तसे ते उठून आडवे आले. वाटलं, आता हे ताईला झापतात.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आल्याच आहा तं मलेही एक मारून द्या."

मी काही बोलायच्या आत ताईनं चप्पल काढली.