मंदाच्या लग्नाचा माहितीपट

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगून टाकतो. माझ्या चुलत बहिणीच्या, मंदाच्या लग्नात मी जे शेण खाल्लं, ते बोरिवलीपासून मालाडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिलात.

लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तेव्हा, ऐंशीच्या दशकात, नवीन होतं. मी ऑफिस सांभाळून दर रविवारी अंधेरीला माहितीपटाच्या वर्गाला जायचो. सर सांगायचे, माहितीपट मुख्य दोन तऱ्हेचे. एकात मागून भारदस्त आवाज येतो आणि तुम्ही काय बघताय ते तुम्हालाच सांगतो. दुसऱ्यात कॅमेरा गप्प बसून बघतो. निवेदन नाही, संगीत नाही, कुणाला 'इकडे बघा' म्हणणं नाही. माझा जीव या दुसऱ्या तऱ्हेवर जडला.

काकांना म्हटलं, "मंदाचं लग्न मी शूट करतो. या पद्धतीने."

काका म्हणाले, "पद्धत कुठलीही असू दे. अक्षता पडताना दिसल्या पाहिजेत."

कॅमेरा भाड्याने आणला. त्या वेळी कॅमेरा खांद्यावर आणि रेकॉर्डर वेगळा, मध्ये वायर. रेकॉर्डर माझा मित्र दिल्या याच्या गळ्यात. म्हणजे लग्नभर आम्ही दोघं दावणीला बांधल्यासारखे शेजारी-शेजारी. पाहुण्यांशी मी एक शब्द बोललो नाही. दिल्याशी मात्र बोलत होतो. माणूस किती वेळ गप्प बसणार?

घरी टेप लावून बघितली तेव्हा शेजारचे आजोबा आजारी होते, म्हणून आवाज बंदच ठेवला. चित्र झकास आलं होतं.

पुढच्या रविवारी मालाडला मंदाच्या सासरी ती सगळ्यांना दाखवायचं ठरलं. वीसेक माणसं जमली. सासरे पुढे खुर्चीत, मंदा सरबताचा ट्रे घेऊन उभी. मी उठून माझी पद्धत समजावून सांगितली आणि टेप सुरू केली.

अंतरपाट दिसला. मंगलाष्टका लांबून कुठून तरी येत होत्या. अगदी जवळून येत होता तो माझा आवाज. कॅमेऱ्यावरच्या माइकला आधी कॅमेरावालाच ऐकू येतो, हे आमच्या वर्गात अजून शिकवायचं होतं.

"दिल्या, सासऱ्यांचा केसांचा टोप बघ. पंख्याने उडतोय."

"पंखा बंद करायला सांगू?"

"नको रे. आपण मध्ये पडायचं नाही. उडाला तर उडू दे."

इकडे खोलीत सासऱ्यांचा हात हळूच डोक्याकडे गेला आणि परत खाली आला. मी आवाज कमी करायला उठलो, तर नवरदेव म्हणाला, "राहू द्या ना. ऐकू तरी."

"नवरा बरा वाटतो रे," टेपमधला दिल्या म्हणाला.

"बराच आहे. मंदा आधी नाही म्हणत होती. कान मोठे आहेत म्हणून."

मंदाच्या ट्रेमधले ग्लास किणकिणायला लागले. पोरीचं लग्न होऊन आठ दिवस झाले होते.

नवरदेवाने तिच्याकडे वळून विचारलं, "आता काय म्हणणं आहे?"

मंदा म्हणाली, "आता सवय झाली."

आधी सासूबाई हसल्या, मग बाकीचे. सासरे हसले नाहीत. पण त्यांनी टेप शेवटपर्यंत बघितली, आणि मलाही जागचं उठू दिलं नाही.

दोन वर्षांनी मंदाच्या दिराचं लग्न ठरलं. मला आमंत्रण आलं. वाटलं, विसरले बिचारे. कार्यालयाच्या दारात सासरे स्वतः उभे होते, टोपाशिवाय. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात एक पेढा दिला.

"तोंडात ठेवा," ते म्हणाले. "संपला की दुसरा मागा. मंगलाष्टका होईपर्यंत तोंड रिकामं ठेवायचं नाही."

मी सात पेढे खाल्ले.