धन्याला मी विचारलं नाही

धन्या गेला हे कळलं तेव्हा मी आधी घाबरलो. रडलो नंतर.

आणि घाबरलो ते स्वतःसाठी. आज वर्ष झालं, म्हणून खरं लिहून टाकतोय. त्याच्या आईला विचारून लिहितोय.

धनाजी. वर्गात सगळ्यांचा धन्या. आटपाडीजवळच्या वाडीतला, घरी मेंढरं आणि थोडी डाळिंबं.

अकरावीत आम्ही दोघंही भरतीसाठी पळायचो. जिममधला एक सीनियर म्हणाला, हे इंजेक्शन घ्या, दम लागत नाही.

दम खरंच लागला नाही. पुढे मात्र ते घेतल्याशिवाय अंथरुणातून उठवेना.

धन्या आधी घेताना सापडला. तीन महिन्यांनी मी वर्गातच पडलो. छातीत एवढं धडधडत होतं की वाटलं, शेजारच्यालाही ऐकू जातंय.

कॉलेजने दाखला हातात देऊन काढून टाकलं नाही. आमच्या समुपदेशक मगदूम मॅडम दर गुरुवारी तास संपल्यावर बायोलॉजी लॅबमध्ये बसवायच्या. आम्ही सहा जण, सगळे नशेतून बाहेर पडणारे. मॅडम बहुतेक गप्प असायच्या. बोलायचं आम्हीच, एकमेकांशी.

प्रत्येकाला एक जोडीदार. त्याने रोज समोर उभं राहून विचारायचं, घेतलंस का.

माझा जोडीदार धन्या.

पहिल्या गुरुवारी मी तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला,
"हात दाखव."
"कशाला?"
"दाखव रं. मी बी दाखवतो."
आणि आधी त्यानेच बाही वर केली.

वर्षभर तो रोज विचारत राहिला. बोर्डाच्या पेपरच्या दिवशीसुद्धा.

एकदा मी खोटं बोललो. त्याला लगेच कळलं. ओरडला नाही. मला मॅडमच्या घरी घेऊन गेला आणि मी आत सगळं बोलून होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिला.

बारावी झाली. आमचे गुरुवार संपले.

मला शिरवळला कंपनीत काम लागलं. धन्या भरतीच्याच मागे. दोनदा काही सेकंदांनी हुकली.

मागच्या वर्षी साताऱ्याला भरती निघाली. प्रॅक्टिस करायला तो आठ दिवस आधी माझ्या रूमवर आला.

ऊन एवढं, की पंखाही गरम वारा टाकत होता. आणि धन्याच्या अंगात फुल बाह्यांचा टी-शर्ट.

मी बघितलं.
मी बघितलं, हे त्यानेही बघितलं.

मी म्हणालो, "चहा टाकू का?"
"टाक की."

एवढंच.

का नाही विचारलं? कारण तो हो म्हणाला असता, तर ती वस्तू माझ्याच रूममध्ये, हाताच्या अंतरावर आहे हे पक्कं झालं असतं. मग मी थांबलो असतो का? माहीत नव्हतं. मला त्याची नाही, माझीच भीती वाटली. पाच दिवस मी त्याच्या बॅगेकडे बघायचंसुद्धा टाळलं.

सहाव्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो. त्याच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज दुसऱ्याचाच. "तुमचा दोस्त ग्राउंडवर पळता पळता पडलाय. साताऱ्याला न्यायला लागलोय."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "काही घेत होता का?"
"इंजेक्शन."
"कधीपासून?"
"विचारलं नाही."

दुपारी एकच्या आत सगळं संपलं.

महिन्याने वाडीला जाऊन त्याच्या आईला, काकूंना, सगळं सांगितलं. टी-शर्टसकट. काकू ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाल्या,

"इचारायचं हुतंस रं. तुझ्यासंगं खोटं बोलला नसता त्यो."

पुढच्या महिन्यात मी वीकली ऑफ गुरुवारी मागून घेतला. एसटीने आटपाडीला जातो, मॅडमच्या लॅबमध्ये बसतो. शहाणपण शिकवायला नाही. एकट्याने राहायची भीती वाटते म्हणून.

मागच्या गुरुवारी अकरावीतली एक मुलगी आली नाही. तिची जोडीदार म्हणाली, "दोन दिवस फोन उचलंना ती."

मॅडमच्या स्कूटरवर मागे बसून तिच्या घरी गेलो. रस्ताभर मी तिचा नंबर लावत राहिलो. मॅडम एकदा म्हणाल्या, "पोहोचतोय रे आपण." आणि स्कूटर आणखी पळवली.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. फोन आईने काढून घेतला होता, एवढंच.

मी विचारलं, "घेतलंस का?"
"न्हाई."
"खरं?"
"न्हाई म्हटलं की दादा. किती येळा इचारणार हाय तुमी?"

तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. मी म्हणालो, "रोज."

ती खरं बोलली की नाही, मला माहीत नाही. उद्याही माहीत नसेल. तिच्या आईच्या नंबरवर फोन करताना भीती वाटते, पण करतो. काल केला, आज सकाळीही केला.

धन्या, त्या दिवशी चहा टाकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलो, गड्या.

घाबरलेल्या मनानेच तुला श्रद्धांजली.